पांढरे ठिपके जातात आणि महिन्याभराने परत येतात: रीफ टँकमधला क्रिप्टो मुळापासून काढताना

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि मासे ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक. तो पाळणाऱ्यांची तक्रार नेहमी एकाच चालीची असते. नवा टँग मासा आणला. आठवड्याने त्याच्या परांवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. दुकानातून ‘रीफ सेफ’ (प्रवाळाला निर्धोक) लिहिलेली औषधाची बाटली आणून टाकली आणि चार दिवसांत मासा स्वच्छ झाला. महिन्याभराने तेच ठिपके, या वेळी जास्त आणि क्लाऊनफिशवरसुद्धा. पुन्हा बाटली, पुन्हा स्वच्छ. तिसऱ्या फेरीत टँग जातो आणि मग प्रश्न येतो, ‘औषध चालत होतं, मग झालं काय?’

औषध चालत नव्हतं. ठिपके आपणहून गेले होते, आणि बाटली टाकली नसती तरी त्याच दिवशी गेले असते.

ठिपका पडतो तेव्हा रोग सुरू होतो

हे ठिपके पाडणारा एकपेशीय परजीवी म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स. बोलताना सगळे ‘इक’ किंवा ‘क्रिप्टो’ म्हणतात. गोड्या पाण्यातल्या इकशी त्याचं जवळचं नातं नाही, त्यामुळे तिथले उपाय इथे उचलून आणू नका. माशाच्या अंगावर तो ३ ते ७ दिवस असतो, आणि तोही कातडीच्या वरच्या थराखाली. म्हणून गोड्या पाण्यात बुडवून काढलं तरी त्याच्या केसाला धक्का लागत नाही. पोट भरलं की तो मासा सोडतो, बहुतेक वेळा अंधारात. तळाच्या वाळूवर, खडकावर, काचेवर, कोरलच्या बुडाशी काही तास सरपटतो आणि स्वतःभोवती कवच करून गाठ बनतो. त्या गाठीत त्याचे तुकडे पडत जातात. एका गाठीतून शंभर-दोनशे पोहणारी पिल्लं बाहेर येतात, तीही पहाटेच्या अंधारात, मासे खडकाच्या फटीत निश्चल झोपलेले असताना. पिल्लाला दिवस-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरतं. पहिल्या काही तासांनंतरच त्याचा जोर ओसरायला लागतो.

गाठ फुटायला किती दिवस लागतात, यावर सगळा हिशोब अवलंबून आहे. बहुतेक गाठी ३ ते २८ दिवसांत फुटतात. एकाच दिवशी बनलेल्या गाठीही एकाच दिवशी फुटत नाहीत. नोंदलेला सर्वांत लांब काळ ७२ दिवसांचा आहे.

बाटलीचं कोडं इथेच सुटतं. ठिपके दिसल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुम्ही औषध टाकता आणि पाचव्या दिवशी परजीवी पोटभर खाऊन खाली उतरतो. मासा स्वच्छ दिसतो त्या सकाळी टँकच्या तळाशी सगळ्यात जास्त गाठी असतात. लसूण लावलेलं खाणं, क्लीनर श्रिम्प (कोळंबी), आल्याचा रस यांची ख्याती याच योगायोगावर उभी आहे. क्लीनर श्रिम्प माशाच्या अंगावरची मेलेली कातडी खातो, कातडीखालचा परजीवी नाही. लसणाने मासा थोडं जास्त खातो, एवढाच फायदा, आणि तो नाकारायचं कारण नाही.

वाचलेल्या माशांना काही महिने अर्धवट प्रतिकारशक्ती येते. अंगावर एकही ठिपका नसतो, पण कल्ल्यांत दोन-चार परजीवी सुखाने राहतात. मग चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) बंद पडतो, नवा मासा जुन्याला टोचतो किंवा एका रात्री वीज जाते, आणि ‘इतके महिने काही नव्हतं, अचानक आलं’ असं वाटतं. अचानक काही आलेलं नसतं.

आधी हा क्रिप्टोच आहे का, ते बघा

वरचा सगळा हिशोब क्रिप्टोचा. दुसराच रोग असेल तर तो उपयोगी पडणार नाही, आणि एका बाबतीत तर वाट पाहण्यातच मासे जातील.

तो म्हणजे वेल्व्हेट, अमायलूडिनियम. क्रिप्टोचे ठिपके मोजता येतात, वेल्व्हेटचे येत नाहीत. खोलीतले दिवे बंद करा आणि टॉर्च माशाच्या बाजूने तिरपी धरा. अंगावर पिठूळ, सोनेरी-करडी धूळ बसल्यासारखी दिसेल. पण बऱ्याचदा तीही दिसत नाही, कारण तो कल्ल्यांतच असतो. तेव्हा वागणं बघायचं: मासा पॉवरहेडच्या (पाणी खेळवणाऱ्या पंपाच्या) धारेत तोंड खुपसून उभा, उजेड टाळतो, खाणं सोडलेलं, श्वास भराभर. मोबाईलवर ३० सेकंदांचा व्हिडिओ घेऊन कल्ल्यांची उघडझाप मोजा आणि दुप्पट करा. आपल्या माशाचा नेहमीचा आकडा निरोगी दिवसांत मोजून ठेवलेला असेल तर त्यावरून निर्णय पटकन होतो. वेल्व्हेट दोन-तीन दिवसांत टँक रिकामा करतो. संशय आला तर त्याच संध्याकाळी मासे बाहेर काढून तांब्याचं औषध घातलेल्या पाण्यात ठेवा (कसं ते पुढे आहे). खात्री करत बसू नका.

क्लाऊनफिशच्या अंगावरून पांढरी चिकट साल सुटल्यासारखी दिसत असेल तर ब्रुकलिनेला. हा माशावरच दुभंगून वाढतो, गाठीचा टप्पा नाही, आणि तांब्याला तो दाद देत नाही. इथे फॉर्मलिनचं स्नान: ३७ टक्क्यांचं फॉर्मलिन १० लिटर खाऱ्या पाण्याला १.५ ते २ मिली, ३० ते ४५ मिनिटं, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) जोरात चालू, खिडकी उघडी, हातमोजे घातलेले. बाटलीच्या बुडाशी पांढरा साका बसला असेल तर ती फेकून द्या. तो साका माशाला जास्त विषारी असतो.

मासा खडकाला अंग घासतो, डोळे धुरकट आहेत, पण ठिपके नाहीत, तर फ्लूक, म्हणजे माशाला चिकटणारे बारीक चपटे कृमी. त्याच तापमानाच्या, पीएच जुळवलेल्या, हवा सोडलेल्या गोड्या पाण्यात मासा ५ मिनिटं ठेवा. फ्लूक असतील तर ते पांढरे पडतात आणि बादलीच्या तळाशी तिळासारखे दिसतात. म्हणून काळी किंवा गडद निळी बादली घ्या. उपाय प्राझिक्वांटेल, लिटरला २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० लिटरला १२५ मिलिग्रॅम. अंड्यांवर त्याचा परिणाम होत नाही, म्हणून ५ ते ७ दिवसांनी दुसरा डोस. कुत्र्यांच्या जंताच्या गोळीत प्राझिक्वांटेल असतं खरं, पण बहुतेक गोळ्यांत सोबत आणखी दोन औषधं असतात. त्या वापरू नका.

टँक पड ठेवायचा

क्रिप्टोवर रीफ टँकमध्ये टाकण्याजोगं औषध नाही. तांबं कोरल, श्रिम्प, गोगलगाई सगळ्यांना मारतं, वर वाळूत आणि खडकात मुरून बसतं. क्षारता (पाण्याचा खारेपणा) उतरवली तरी तेच प्राणी आधी मरतात. जे औषध प्रवाळाला, कृमींना, कोळंबीला काहीच करत नाही ते तशाच नाजूक एकपेशीय जीवाला नेमकं मारेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

शेतकरी जमीन पड ठेवतो तसा टँक पड ठेवायचा. सगळे मासे बाहेर, कोरल आणि बाकी प्राणी आत, ७६ दिवस. ७२ दिवसांची नोंद आणि वर चार दिवस. २७ अंशांना ४५ दिवसांत भागतं असंही म्हणतात, आणि बऱ्याच वेळा भागतंही. पण एवढा खटाटोप करून शेवटचा महिना वाचवण्यात शहाणपण नाही. तापमान २७-२८ वर ठेवा. थंड पाण्यात गाठी रेंगाळतात.

दिवस मोजायचे ते शेवटचा मासा बाहेर पडल्यापासून. १ जूनला सगळे काढले तर १६ ऑगस्टला टँक मोकळा. पण ८ जूनला खडकामागून गोबी मासा डोकावला तर मोजणी ८ जूनपासून पुन्हा सुरू. ‘तो एवढासा आहे, त्याच्यावर ठिपके कधीच नव्हते’ हे चालत नाही. मँडरिन माशाचा बुळबुळीत थर जाड असतो, तो आजारी दिसत नाही, पण परजीवी पोसू शकतो. संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या पेटीत) वाहून गेलेला मासा असतो, तोही पाहा. पकडण्यासाठी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा सापळा तीन-चार दिवस उघडा ठेवून त्यातच खायला घाला, दार पाचव्या दिवशी ओढा. उरलेल्यांसाठी रात्री दिवे गेल्यावर दोन तासांनी टॉर्च. तरीही नाही मिळाले तर खडक बाहेर काढणं भाग आहे. पाणी अर्धं उतरवून एकेक खडक टबमध्ये ठेवा, मग जाळं फिरवायला जागा होते.

पड टँकमध्ये एक नवाच प्रश्न उभा राहतो, आणि लोक त्याला क्रिप्टोपेक्षा जास्त कंटाळतात. मासे नाहीत म्हणून खाणं बंद, म्हणून नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर. कोरल फिके पडतात आणि वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरणारी डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांची साय चढते. त्यामुळे खाणं बंद करू नका. बारीक केलेलं गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) किंवा सोललेल्या कोळंबीचा चिमूटभर कीस दोन दिवसांआड टाका, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) जोर कमी करा आणि आठवड्यातून एकदा मोजा. नायट्रेट ५ पीपीएमच्या (लिटरला ५ मिलिग्रॅमच्या) आसपास, फॉस्फेट ०.०३ च्या खाली जाऊ न देणं, एवढं सांभाळलं की पुरतं.

मासे दरम्यान कुठे: तांबं

हॉस्पिटल टँक, म्हणजे उपचाराचा वेगळा टँक, उघडा, नागडा असावा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काच, त्यात साधारण ५० लिटर पाणी, स्पंज फिल्टर, हीटर, हवेचा पंप आणि लपायला हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसीचे एल्बो. टँग मोठे असतील किंवा मासे चार-पाच असतील तर १५० लिटरच्या खाली जाऊ नका. वाळू नाही, खडक नाही, कोरलचे मेलेले तुकडेही नाहीत. चुनखडीची प्रत्येक वस्तू तांबं शोषते आणि पाण्यातला आकडा रोज घसरतो. स्पंज मुख्य टँकच्या संपमध्ये महिनाभर आधी पडलेला असेल तर अमोनियाची चिंता निम्मी होते. पण लक्षात ठेवा, आजारी टँकमधला स्पंज तांब्याच्या टँकमध्येच वापरायचा, दुसरीकडे नाही.

तांबं फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. अंगावरचा परजीवी आणि गाठ दोन्ही सुरक्षित असतात. म्हणून पिल्लू बाहेर येईल त्या प्रत्येक तासाला तांबं पूर्ण मात्रेत असावं लागतं, सलग ३० दिवस. चिलेटेड (दुसऱ्या रेणूंनी बांधून ठेवलेलं) तांबं, उदाहरणार्थ कॉपर पॉवर, २.२५ ते २.५ पीपीएम. क्युप्रामाईन या तांब्याच्या दुसऱ्या औषधाचं लक्ष्य वेगळं, ०.५ पीपीएम. हे दोन आकडे एकमेकांत मिसळणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे: चिलेटेड ०.५ वर ठेवलं तर काहीच होत नाही, क्युप्रामाईन २.५ वर नेलं तर मासे त्याच दिवशी जातात. मात्रा दोन ते चार दिवसांत चढवा. वेल्व्हेट असेल तर २४ ते ४८ तासांत.

मोजायचं कशाने, यावर इथे काटकसर करू नका. रंगपट्टीच्या बऱ्याच किटमध्ये २ नंतर थेट ४ चा चौकोन येतो आणि तुमचा आकडा नेमका मधे. ट्यूबलाईटखाली तो निळा २ आहे की ३, हे घरातली दोन माणसं दोन तऱ्हेने सांगतात. हॅना कंपनीचा हाय रेंज कॉपर चेकर ० ते ५ पीपीएम मोजतो. त्याची छोटी काचेची बाटली बोटांच्या ठशांसह आत घातली की आकडा भरकटतो. मऊ कापडाने पुसा, भिंतीला चिकटलेला बुडबुडा टिचकी मारून वर काढा, पूड पूर्ण विरघळू द्या, मग वाचा.

पाणी बदलताना मात्रा तुटते. ५० लिटरमधून १० लिटर काढून साधं खारं पाणी घातलं की २.५ चं २.० झालं. म्हणून नवं पाणी बादलीतच २.५ करून मग ओता. मधे एकदा जरी आकडा २.० च्या खाली गेला तर ३० दिवस पहिल्यापासून मोजायचे. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा. अमोनिया बांधणारी, पाण्यात टाकायची कंडिशनरं तांब्यासोबत टाळा. क्युप्रामाईनबरोबर ती तांब्याला जास्त विषारी रूपात आणतात. अमोनिया चढला तर पाणी बदला.

‘मोरचूद स्वस्त मिळतं, त्याने होईल का?’ मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच. त्यात तांबं २५ टक्क्यांच्या थोडं वर असतं. पण असं उघडं तांबं ०.१५ ते ०.२० पीपीएमच्या चिंचोळ्या पट्ट्यातच ठेवावं लागतं. ५० लिटरला ते भरतं जेमतेम ४० मिलिग्रॅम. स्वयंपाकघरातला वजनकाटा १ ग्रॅमवर अडखळतो. शिवाय खाऱ्या पाण्यात ते काही तासांत खाली बसत जातं, म्हणून दिवसातून दोनदा मोजून भरावं लागतं. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी ते ठीक आहे, इथे नको.

३० दिवस तांब्यात ठेवायचे नसतील तर मधला मार्ग आहे: १४ दिवस पूर्ण मात्रा, मग मासे निर्जंतुक, कोरड्या ठेवलेल्या दुसऱ्या टँकमध्ये. १४ दिवसांत अंगावरचे सगळे परजीवी उतरलेले असतात आणि नवे चढलेले नसतात. गाठी जुन्या टँकमध्येच राहतात. दुसरा टँक पहिल्यापासून किमान ३ मीटर दूर हवा. वेल्व्हेटची पिल्लं हवेच्या बारीक तुषारांतून तेवढं अंतर जाऊ शकतात.

तांबं नको असेल तर टब बदलत राहा

तांबं न सोसणाऱ्या माशांसाठी, आणि फक्त क्रिप्टोसाठी, ही पद्धत आम्हाला जास्त आवडते. वेल्व्हेटला ती चालत नाही. तर्क सरळ आहे: परजीवी सात दिवसांत मासा सोडतो, आणि गाठ तीन दिवसांच्या आत फुटत नाही. मग दर तीन दिवसांनी मासाच तिथून हलवायचा.

४० लिटरचे दोन टब, दोन हीटर, दोन एअरस्टोन, दोन जाळी. पहिल्या दिवशी मासा पहिल्या टबमध्ये, चौथ्या दिवशी दुसऱ्यात, सातव्याला पहिल्यात, दहाव्याला दुसऱ्यात, तेराव्याला निरीक्षणाच्या टँकमध्ये. दोन बदलांत ७२ तासांपेक्षा जास्त अंतर नको. ६८ तास चालतील, ७५ नाहीत. चार वेळा टब भरायचा म्हणजे १६० लिटर पाणी, लिटरला ३६-३८ ग्रॅमप्रमाणे सुमारे ६ किलो मीठ. ते आधीच घरात असू द्या. दोन्ही टबांची क्षारता आणि तापमान तंतोतंत जुळवा. रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) आरओच्या पाण्याने नव्हे, ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मिठाच्या) द्रावणाने कॅलिब्रेट करा. इथे तांबं नाही, त्यामुळे अमोनिया बांधणारं कंडिशनर बिनधास्त वापरा.

मासा उचलताना पाणी कमीत कमी जाऊ द्या. मासा गेला की जुन्या टबमधलं काहीही पुढच्या टबला लागू नये. पाणी ओतून द्या, टब आणि हीटर लिटरला १० मिली घरगुती ब्लीचच्या पाण्यात अर्धा तास, मग खळखळून धुऊन पूर्ण कोरडे. पुस्तकी नियम २४ तास सुकवायला सांगतो. जुलैत मुंबईत किंवा कोकणात एअरस्टोन २४ तासांत आतून सुकत नाही, दोन दिवसांतही नाही. एअरस्टोन दर वेळी नवा लावा, तो बिचारा स्वस्त असतो.

परत आला, तर कधी आला ते बघा

तांब्यात असतानाच दुसऱ्या आठवड्यानंतर नवे ठिपके दिसले तर मात्रा तुटली आहे: मोजमाप चुकीचं, टँकमध्ये चुनखडीचं काहीतरी आहे किंवा पाणी बदलताना आकडा पडला. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढले तर घाबरू नका, ते आधीच चढलेले परजीवी मोठे होऊन दिसू लागलेत.

टब बदलताना तेराव्या दिवसानंतर ठिपके आले तर एखादा बदल उशिरा झाला किंवा ओलं जाळं, ओला हात दोन्ही टबांत फिरला.

मुख्य टँकमध्ये मासे सोडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत आले तर पड अपुरी राहिली. बहुतेक वेळा एखादा मासा आत राहून गेलेला असतो, किंवा हॉस्पिटल टँकमधला हात, पाण्याचा मग किंवा थर्मामीटर मधल्या काळात मुख्य टँकमध्ये बुडालेला असतो.

दोन-तीन महिने स्वच्छ गेले आणि मग आले, तर शेवटी घरात काय ओलं आणलं ते आठवा. मासाच असेल असं नाही. कोरलच्या फ्रॅगच्या (वाढवायला आणलेल्या तुकड्याच्या) बुडाला, गोगलगाईच्या शंखाला, किटोमॉर्फा शेवाळाच्या गुंत्याला गाठ चिकटून येते. दुकानातल्या फ्रॅग टँकमध्ये एक डॅमसेल मासा फिरत असेल तर तिथल्या प्रत्येक फ्रॅगच्या बुडावर गाठ आहे असं धरून चालायचं. फ्रॅगचं बूड कापून नव्या प्लगवर लावल्याने धोका कमी होतो, जात नाही. खरा उपाय म्हणजे वेगळा छोटा, मासे नसलेला टँक आणि पुन्हा तेच ७६ दिवस.

मासे काढणं अजिबात शक्य नसेल तर

आठ फुटी टँक, सिमेंटने जोडलेला खडक, घरात दुसरा टँक ठेवायला जागा नाही. असं असतं. मग रोग काढणं सोडून त्याच्यासोबत राहणं आलं. यूव्ही स्टेरिलायझर (अतिनील दिव्याखालून पाणी नेणारं यंत्र) संथ प्रवाहावर चालवला तर पाण्यातून जाणारी पिल्लं मरतात. खडकाच्या फटीत झोपलेल्या माशाशेजारीच फुटलेली गाठ मात्र त्याच्या हाती लागत नाही. मासे भरपेट खाऊ द्या, गर्दी करू नका, बॅटरीवरचा हवेचा पंप तयार ठेवा आणि पावडर ब्लू टँग कधीच आणू नका, कारण तो पहिल्याच आठवड्यात ठिपक्यांनी भरेल. नवा मासा मात्र या टँकमध्ये सोडण्याआधी दुकानातून आणलेले त्याचे स्वतःचे फ्लूक आणि वेल्व्हेट बाहेर ठेवूनच उतरवा. वेल्व्हेटसोबत राहण्याची सोय नाही.